गाडी निघून जाते, तंबू उभा राहतो

ट्रकची ताडपत्री, जीपचे हूड, लग्नाचा शामियाना, दुकानापुढचे छत शिवणाऱ्या कारागिराला कापड, दोरी आणि वारा यांचे भांडण कोणी समजावून सांगावे लागत नाही. कोठे ताण दिला म्हणजे पाणी साचत नाही आणि कोठे दुहेरी शिवण मारली म्हणजे आयलेट उपटून येत नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. अशाच हातांशी नाते सांगणाऱ्या एका परदेशी वस्तूची माहिती आज या पानावर देत आहोत. ब्रिटनमध्ये तिला ‘ड्राइव्ह-अवे ऑनिंग’ म्हणतात. सरळ भाषेत सांगायचे तर गाडीला जोडलेला, पण गाडी निघून गेली तरी जागेवर उभा राहणारा तंबू.

ही वस्तू नवलाची म्हणून सांगत नाही. तंबूच्या धंद्यात माल कोठे जिंकतो आणि कोठे फसतो, याचा चांगला धडा तिच्यात आहे. तिचे सारे मोल एका जोडात आहे. तो जोड वाऱ्या-पावसात घट्ट राहिला पाहिजे आणि सकाळी मालकाला बाजारात जायचे असेल तर काही मिनिटांत सुटलाही पाहिजे. ‘घट्ट’ आणि ‘सुटसुटीत’ या दोन्ही गोष्टी एकाच शिवणीकडून मागितल्या, तर कारागिराची परीक्षाच होते.

ही गरज कोठून आली?

युरोपात सुट्टीला निघणारी कुटुंबे दोन प्रकारची फिरती घरे वापरतात. एक कॅराव्हॅन. ती मोटारीच्या मागे जोडून ओढत नेतात. तळावर पोहोचले की मोटार सोडवायची, कॅराव्हॅन जागेवर उभी राहते. तिला बाहेरून कापडी पडवी जोडली तरी अडचण नाही, कारण बाजारहाटाला मोटार मोकळी असते.

दुसरा प्रकार कॅम्परव्हॅन. येथे इंजिन आणि बिछाना एकाच अंगात असतात. फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये आपल्या प्रसिद्ध डबागाडीचे उत्पादन सुरू केले आणि थोड्याच काळात तिच्या पोटात पलंग, कपाट व शेगडी बसवणाऱ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये डेव्हन परगण्यातील सिडमथ येथे १९५६ पासून अशा गाड्या तयार होऊ लागल्या. सुतार, गादीवाले, पत्र्याचे काम करणारे आणि कापड शिवणारे अशा कितीतरी हातांना त्यातून काम मिळाले.

पण गाडीतले घर लहान. त्याच कुळातील २०१५ साली आलेली ‘टी-६’ गाडी घेतली तर तिची लांबी सुमारे ४.९ मीटर आणि उंची २ मीटरच्या किंचित आत. चार माणसे त्यात झोपू शकतात, पण चिखलाचे बूट, ओले रेनकोट, मुलांच्या सायकली आणि जेवणाच्या खुर्च्या ठेवायच्या कोठे? म्हणून बाहेर पडवी हवी. पडवी गाडीलाच बांधली, तर दूध आणायला निघताना सगळे बिऱ्हाड मोडावे लागते. या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहणारा आणि गाडीशी फक्त एका कापडी बोळाने जोडलेला तंबू. २०२० च्या साथीनंतर परदेशप्रवास अडला, तेव्हा ब्रिटनमध्ये कॅम्परव्हॅनची मागणी फार वाढली आणि तिच्यामागे या तंबूंचीही. तेथील बाजारात त्यांची किंमत साधारण दोनशे पौंडांपासून हजार पौंडांच्या वरपर्यंत जाते.

तंबूचे तीन भाग

पहिला भाग मुख्य खोली. तिचे खांब पूर्वी लोखंडाचे किंवा फायबरच्या कांबींचे असत, आणि आजही स्वस्त मालात तेच असतात. महाग मालात हवेचे खांब आले आहेत. म्हणजे जाड कापडी पिशवीच्या आत रबरासारखी लवचिक नळी असते. ती हातपंपाने फुगवली की कमान ताठ उभी राहते. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला तीस पौंडांच्या आसपास हवा असते. येथे साधारण सहा ते दहा पौंड पुरतात. प्रत्येक मालावर नेमका दाब लिहिलेला असतो, तोच पाळायचा. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, म्हणून सकाळी काठोकाठ भरलेल्या खांबातून थोडी हवा सोडणे शहाणपणाचे.

दुसरा भाग मधला बोळ. खोली आणि गाडीचा सरकता दरवाजा यांच्यामध्ये असलेला हा कापडी रस्ता. त्याला दोन्ही बाजूंनी चेनचे दरवाजे असतात आणि खाली गाडीच्या पोटाखालून येणारा वारा अडवण्यासाठी झालर असते.

तिसरा भाग जोड, आणि खरी गोम येथेच आहे. बोळाच्या वरच्या कडेला पायपिंग शिवलेले असते. म्हणजे गोल दोरी आत घालून कापड दुमडलेली कडा. आपल्या शिंप्यांना ही चीज नवी नाही. गादीच्या खोळीला आणि सोफ्याला हेच काम असते. गाडीच्या छतालगत अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ बसवलेली असते. पायपिंग तिच्या एका टोकातून आत सरकवले की ते सरळ ओढून बाहेर येत नाही, फक्त लांबीच्या दिशेने सरकते.

पण पायपिंग थेट पन्हळीत सरकवले, तर रोज सोडताना सगळा बोळ ओढत न्यावा लागेल. म्हणून मध्ये एक वेगळी पट्टी वापरतात. दुहेरी पायपिंग असलेली एक कापडी पट्टी गाडीच्या पन्हळीत कायम राहते. तिची मोकळी कडा आणि तंबूची कडा यांना जोडणारी प्लास्टिकची लांब पट्टी असते. तिचा आडवा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. आठाच्या एका पोकळीत गाडीकडची कडा, दुसरीत तंबूकडची. निघताना ही पट्टी एका बाजूने सरकवून काढली की गाडी मोकळी!

मापात मात्र चूक चालत नाही. बहुतेक पायपिंगची जाडी ६ मिलिमीटर असते, तर काही पन्हळींना ४ मिलिमीटरचे लागते. सहाचे चारमध्ये जात नाही, आणि चारचे सहामध्ये टिकत नाही; पहिल्या वाऱ्यात निसटते. दोन्ही मापे जोडणाऱ्या पट्ट्याही मिळतात. पन्हळच नसेल तर छतावरून पट्टे टाकून ते पलीकडे बांधतात. जुन्या गाड्यांना पावसाचे पाणी वाहून नेणारी कड असते, तिला चाप लावतात. पट्ट्यांच्या बाबतीत एक बारीक सूचना जाणकार देतात. पट्टा सपाट न ठेवता त्याला एक-दोन पीळ द्यावेत, म्हणजे वाऱ्यात तो भुणभुणत नाही. आणि पत्र्याला जेथे घासेल तेथे मऊ कापड द्यावे, नाहीतर एका सहलीत रंग उडतो.

उंची मोजल्याशिवाय तंबू नको

तंबू फसल्याच्या बहुसंख्य तक्रारी उंचीच्या निघतात. दुकानात तंबू ‘कमी उंचीचा’ किंवा ‘जास्त उंचीचा’ म्हणून मिळतो. कमी उंचीचा साधारण १८० ते २१० सेंटिमीटरच्या गाड्यांसाठी आणि जास्त उंचीचा २४० सेंटिमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी. मधल्या उंचीचाही प्रकार आहे, आणि प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे. येथे मोजायचे असते ते जमिनीपासून जोडाच्या जागेपर्यंत, छताच्या टोकापर्यंत नव्हे.

बोळ गाडीपेक्षा उंच निघाला तर मध्ये झोळ पडतो, झोळात पाणी साचते आणि रात्री पाण्याच्या वजनाने जोड सुटतो. बोळ ठेंगणा निघाला तर कापड ताणले जाते, चेन फाटते आणि खालची झालर जमिनीला टेकत नाही. दरवाजाची बाजूही पाहावी लागते. ब्रिटनमध्ये गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणून सरकता दरवाजा बहुधा डाव्या अंगाला असतो. युरोपच्या मुख्य भूमीवरून आणलेल्या गाडीला तो उजवीकडे असतो. ज्या तंबूचे मुख्य दार एकाच बाजूला आहे, तो उलट्या गाडीला जोडला तर दार नेमके वाऱ्याच्या तोंडावर येते.

उभारणीचा क्रम

एकटा माणूसही हे काम करू शकतो, पण क्रम चुकला तर चौघेही कमी पडतात.

प्रथम जागा. जमीन शक्य तेवढी सपाट हवी आणि तंबूकडून गाडीकडे पाणी वाहत येणार नाही अशी हवी. वारा कोणत्या दिशेने आहे ते पाहून गाडी अशी उभी करतात की गाडीच वाऱ्याला आड येईल. ब्रिटनमधील मोठ्या कॅराव्हॅन क्लबांच्या तळांवर दोन गाड्यांमध्ये ६ मीटर अंतर आणि पडव्या धरूनही किमान ३ मीटर मोकळी जागा ठेवावी लागते. आग लागली तर ती एका बिऱ्हाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

दुसरे, गाडी उभी केल्यावर चाकांच्या जागी खूण करायची. दोन रंगीत मेखा किंवा जुन्या दोरीचे तुकडे पुरतात. नवशिके हे विसरतात आणि संध्याकाळी परत आल्यावर पस्तावतात.

तिसरे, बोळाच्या लांबीएवढे अंतर सोडून तंबू जमिनीवर पसरायचा. सगळ्या चेन लावलेल्या असाव्यात. चेन उघडी ठेवून मेखा ठोकल्या तर नंतर ती लागत नाही, कारण तंबूचा चौकोनच वाकडा झालेला असतो. वारा असेल तर वाऱ्याकडची कड आधी मेखांनी धरून मग खांब उभे करायचे. वारा नसेल तर खांब उभे करून सगळा तंबू उचलून एक-दोन वीत सरकवता येतो. स्वतःच्या पायावर उभा राहणाऱ्या तंबूचा हाच फायदा.

चौथे, जोड. पट्टी सरकवताना एकाने पुढून ओढायचे आणि दुसऱ्याने कडा सरळ धरायची. अडकले तर जोर लावू नये. सिलिकॉनचा फवारा दिला की सरकते. जोड मध्यभागी बसला पाहिजे, म्हणजे बोळाच्या दोन्ही भिंती सारख्या उतरतात.

पाचवे, मेखा. जोडाकडून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने जायचे. मेख तंबूच्या उलट दिशेने कलती, साधारण ४५ अंशांत ठोकायची. तणावे शिवणीच्या रेषेतच पुढे गेले पाहिजेत. तिरके ओढले की शिवण एका बाजूला ताणली जाते. शेवटी बोळ ताणायचा. ताण इतकाच की वरचे कापड नगाऱ्यासारखे वाजू नये, पण झोळही पडू नये. गाडी ही स्प्रिंगवर उभी असते. माणसे आत-बाहेर करतात तशी ती वर-खाली हलते, आणि फार ताणलेला जोड त्या हलण्यानेच निसटतो.

निघताना आणि परतताना

निघण्यापूर्वी आठच्या आकाराची पट्टी काढायची, बोळाची कापडे गुंडाळून तंबूच्या भिंतीला बांधायची आणि तंबूचे आतले दार चेनने बंद करायचे. बोळ मोकळा सोडला तर तो शिडासारखा वारा धरतो आणि माणसे बाजारातून येईपर्यंत तंबू आडवा झालेला असतो. गाडी हळू पुढे काढताना एकाने बाहेर उभे राहून तणावे चाकांत येत नाहीत ना, हे पाहावे.

परतल्यावर चाके खुणांवर आणायची. वीतभर चूक झाली तरी बोळ तिरका होतो. ज्यांनी खूण केलेली नसते, ते चार वेळा गाडी मागे-पुढे करतात आणि शेवटी मेखा उपटून तंबूच सरकवतात.

जिवाशी खेळ नको

थंडी पडली की काही जण अर्धवट विझलेली शेगडी तंबूत आणून ठेवतात. तंबूच्या धंद्यातील सर्वांत मोठे पाप हेच. जळत्या आणि धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंनंतर पुन्हा पुन्हा इशारे देण्यात आले. तंबूत कोळसा आणू नये, आत स्वयंपाक करू नये आणि इशारा देणारे यंत्र जवळ ठेवावे. गाडीचे इंजिन तंबू जोडलेला असताना चालू ठेवणेही तितकेच धोक्याचे. जो कारागीर तंबू शिवतो, त्याने हा इशारा कापडावर शिवून द्यावा. एका पट्टीचा खर्च तो किती!

आपल्या कारागिराने काय घ्यावे?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यामुळे राहण्याजोग्या गाड्यांचा विषय आपल्या राज्यातही नवा राहिलेला नाही. समजा, उद्या हूड शिवणाऱ्या एखाद्या मास्तरकडे असा गाडीमालक आला आणि म्हणाला, “दाराला जोडून पडवी शिवून द्या, पण गाडी काढता आली पाहिजे.” तेव्हा ‘होऊन जाईल’ म्हणून बयाणा घेण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

कापडावर ‘३००० मिलिमीटर’ असा आकडा छापलेला दिसतो. तो वर्षाच्या पावसाचा नव्हे. कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तर कोठवर झिरपत नाही, याचे ते माप आहे. १५०० च्या खालचे कापड तेथे तंबूला कच्चे मानतात. ‘डेनियर’ म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. १५० डेनियरचा धागा ७० डेनियरच्या धाग्याहून जाड, म्हणून कापड टिकाऊ, पण जड. पॉलिएस्टर लवकर वाळते आणि हलके असते. सूतमिश्रित कापड श्वास घेते, उन्हात कमी तापते, पण जड असते आणि ओले राहिले तर बुरशी धरते.

कापड कितीही चांगले असो, सुईने पाडलेले प्रत्येक छिद्र हा पाण्याचा दरवाजा असतो. म्हणून दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण मारावी आणि आतून गरम हवेने चिकटणारी पट्टी लावावी. पट्टी पॉलियुरेथेनच्या लेपावर धरते, सिलिकॉनच्या लेपावर धरत नाही. लेप कोणता आहे हे कापडवाल्याला विचारल्याशिवाय थान उचलू नये. टाका फार बारीकही मारू नये; जवळजवळच्या छिद्रांनी कापड टपालाच्या तिकिटासारखे फाटते. आणि पायपिंगच्या शिवणीखाली जाड पट्टी द्यावी, कारण सगळ्या बोळाचा भार तिच्यावरच येतो.

पन्हळ बसवण्यासाठी गाडीच्या अंगाला भोके पाडण्याची घाई करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. आधी आरटीओत विचारून घेणे बरे. छतावरून टाकलेले पट्टे हा निर्धोक मार्ग, कारण ते काढले की गाडी जशीच्या तशी.

परदेशी बाजारात माल पाठवण्याचा विचार असेल, तर दोन नावे लक्षात ठेवावीत. तंबू, ताडपत्री व पडव्या यांचे जागतिक जकातीतील शीर्षक ६३०६ आहे, आणि सहलीच्या तंबूंसाठी आयएसओ ५९१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नुसता चांगला हात तेथे पुरत नाही, तपासणीचा कागदही लागतो.

शेवटची गोष्ट गिऱ्हाइकाशी बोलण्याची. थंडीच्या पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणते, “मास्तर, गळतो!” पुष्कळदा ती गळती नसते, माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर थिजलेली असते. वारा खेळायला झरोके ठेवले आणि ही गोष्ट आधीच सांगितली, तर भांडण टळते. तसेच ओला तंबू गुंडाळून न्यावा लागला तर घरी जाऊन एक-दोन दिवसांत उघडून वाळवावा, हेही सांगावे. न सांगितलेली गोष्ट पुढच्या मोसमात आपल्याच नावावर जमा होते.

आणि पहिला नमुना गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी स्वतः जोडून पाहावा. अंगणात गाडी उभी करावी, तंबू लावावा, रबरी नळीने अर्धा तास पाणी मारावे, मग जोड सोडून गाडी रस्त्यावर काढावी आणि पुन्हा खुणेवर आणून जोडावी. हे दहा वेळा करावे. दहाव्या वेळी पट्टी जशी पहिल्या वेळी सरकली तशीच सरकली, आणि जोडाखालची जमीन कोरडी राहिली, तर खुशाल किंमत सांगावी. मग त्या किमतीत घासाघीस करायला गिऱ्हाइकाकडे फारसे कारण उरत नाही.